घरच्या कॉम्प्युटरसाठी डेस्कटॉप कोणता घ्यावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १०ची नियमित सुरक्षा-अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. तेव्हापासून नातेवाईक, शेजारी आणि त्यांच्या ओळखीतले लोक आपापले धडधाकट कॉम्प्युटर लिनक्सवर (विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर) न्यायचं म्हणतायत आणि तेच तेच प्रश्न विचारतायत. लिनक्स कोणतं घ्यायचं हे एक वेळ ठरतं. खरी अडचण त्यानंतर येते, कारण डाउनलोडच्या पानावर सिनॅमन, एक्सएफसीई, केडीई, ग्नोम अशी डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावरच्या दर्शनी भागाची, नावं एकदम समोर येतात. आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोप्याकडून अवघडाकडे. खुर्चीत कोण बसणार आणि कोणत्या भाषेत टाइप करणार, हे मी आधी बघतो. रॅम नंतर.

१. डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट म्हणजे काय? लिनक्स टाकलं की ते आपोआप येत नाही का?

येतं, पण कोणतं यावं हे तुम्ही ठरवता. विंडोजमध्ये खालची पट्टी, स्टार्ट मेनू, फाइल्सची खिडकी हे सगळं एकाच साच्यातलं मिळतं. लिनक्समध्ये हा दर्शनी भाग सुटा असतो. पॅनेल, मेनू, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज, सूचना आणि लॉक स्क्रीन असा एकमेकांशी जुळणारा संच म्हणजे डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट. आपण त्याला नुसतं डेस्कटॉप म्हणू. आतली यंत्रणा तीच असल्यामुळे फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी कोणत्याही डेस्कटॉपवर चालतात. फोटो आणि कागदपत्रं होम फोल्डरमध्ये असतात, डेस्कटॉप बदलला तरी ती जागची हलत नाहीत.

२. मग विंडो मॅनेजर हे वेगळं काय आहे?

खिडकीला चौकट देणं, ती सरकवणं, लहान-मोठी करणं, कोणती वर आणि कोणती खाली हे ठरवणं, एवढंच त्याचं काम. प्रत्येक डेस्कटॉपच्या पोटात एक विंडो मॅनेजर असतोच: ग्नोममध्ये मटर, केडीई प्लाझ्मात (केडीईच्या डेस्कटॉपचं नाव प्लाझ्मा) केविन, सिनॅमनमध्ये मफिन. काही विंडो मॅनेजर एकटेही वापरता येतात. ओपनबॉक्स, आइसडब्ल्यूएम, आय३ ही त्यातली नावं. तसं केलं तर वायफायचं चिन्ह, आवाजाचं बटण, बॅटरीची सूचना हे सगळं तुम्हाला स्वतः जोडावं लागतं. त्याबद्दल प्रश्न १२ बघा.

३. फार खोलात जायचं नाही. पहिल्यांदाच लिनक्स वापरणार आहे, एकच नाव सांगा.

लिनक्स मिंट, सिनॅमन आवृत्ती. डावीकडे खाली मेनू, उजवीकडे घड्याळ, मध्ये उघड्या खिडक्या. विंडोज ७ किंवा १० वापरलेल्या माणसाचा हात पहिल्या दिवशीच योग्य जागी जातो. मिंटच्या माहितीनुसार किमान २ जीबी रॅम लागते आणि नीट काम करायला ४ जीबी हवी. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट्स आहेत, त्यामुळे दर सहा महिन्यांनी काही उलथापालथ होत नाही. हे उत्तर चुकीचं ठरावं अशा दोनच परिस्थिती मला वारंवार दिसतात: मशिन फार जुनं असणं (प्रश्न ४) आणि अक्षरांना वेगवेगळं प्रमाण लागणारे दोन मॉनिटर असणं (प्रश्न १४).

४. २०१३चा लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम. सगळ्यात हलका डेस्कटॉप कोणता?

हा प्रश्न सर्वाधिक येतो. याचं उत्तर थोडं लांबलं तरी पूर्ण वाचा, कारण इथे लोक चुकीच्या जागी पैसे आणि वेळ वाचवतात.

सर्वसाधारण क्रम असा: ग्नोम आणि प्लाझ्मा जास्त रॅम घेतात, सिनॅमन आणि माते मधले, एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हलके, आणि नुसता विंडो मॅनेजर सगळ्यात हलका. पण सर्वांत जड आणि बऱ्यापैकी हलका यांच्यात फरक असतो अर्धा-पाऊण जीबीचा. ब्राउझरमध्ये यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, जीमेल आणि दोन-तीन बातम्यांची पानं उघडलीत की तेवढी रॅम सहज जाते. म्हणजे डेस्कटॉप हलका करून वाचवलेली रॅम ब्राउझर पाच मिनिटांत खाऊन टाकतो.

आत्याचा लॅपटॉप असाच होता. बटण दाबून ती चहा टाकायला जायची आणि कप घेऊन परत यायची तरी डिस्कचा दिवा लुकलुकत असायचा. तिच्या मुलाने आधी सिनॅमन काढून एक्सएफसीई टाकलं, मग एक्सएफसीई काढून एलएक्सक्यूटी. फरक नावापुरताच पडला. मग आम्ही मागचे स्क्रू काढले, फिरणारी हार्ड डिस्क उचलली आणि तिथे २४० जीबीची साटा एसएसडी (फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली. परत सिनॅमनच टाकलं. आता चहाचं पाणी तापायच्या आत लॉगिनची चौकट येते, आणि ओळखीचा मेनू परत मिळाल्यामुळे आत्या खूश आहे.

तेव्हा माझा क्रम असा: आधी एसएसडी, मग शक्य असेल तर रॅम ८ जीबी, आणि मग डेस्कटॉप. यातलं काहीच शक्य नसेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. एक्सएफसीई १९९०च्या दशकापासून आहे. नवी आवृत्ती दोनेक वर्षांनी येते (४.१८ डिसेंबर २०२२मध्ये, ४.२० डिसेंबर २०२४मध्ये), आणि त्या संथपणाचा घरच्या मशिनला फायदाच होतो, कारण आज शिकलेलं पाच वर्षांनीही तिथेच सापडतं. सोबत झेडरॅम चालू करा. त्यात रॅममधला न वापरलेला मजकूर दाबून रॅममध्येच ठेवला जातो आणि डिस्ककडे धाव कमी होते. फेडोरा या लिनक्समध्ये ते आधीपासून चालू असतं.

५. माझं मशिन ३२ बिटचं आहे. आता काय?

आधी खरंच आहे का ते बघा. अनेक जुन्या मशिनवर विंडोज ३२ बिटचं टाकलेलं असतं, पण प्रोसेसर ६४ बिटचा असतो. कोअर २ ड्युओ असेल तर तो ६४ बिटचाच. विंडोजच्या सिस्टिम माहितीत प्रोसेसरचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचा.

खरोखर ३२ बिट असेल तर वाट अरुंद आहे. डेबियन या लिनक्सने ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून अशा मशिनसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. डेबियन १२ चालतं आणि त्याला जून २०२८पर्यंत दीर्घकालीन आधार आहे. अँटिएक्स हा आइसडब्ल्यूएमवरचा पर्यायही आहे. पण क्रोमने ३२ बिट लिनक्स २०१६मध्येच सोडलं आणि २०२५मध्ये फायरफॉक्सच्या मुख्य आवृत्तीनेही. बँकेचं काम अशा मशिनवर करू नका. गाणी, लिखाण, जुने फोटो यासाठी ते अजून कामाचं आहे.

६. ग्नोम आणि केडीई यात नेमका फरक काय? दोन्हीची इतकी स्तुती ऐकतो.

दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. केडीईची सुरुवात ऑक्टोबर १९९६मध्ये माटियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने केली. त्यासाठी वापरलेल्या क्यूटी या साधनाचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता. त्या कारणाने मिगेल दि इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ऑगस्ट १९९७मध्ये ग्नोम सुरू केलं. परवान्याचा तो वाद मिटून जमाना झाला, पण दोन घराणी राहिली.

आजचं ग्नोम सांगतं, काम करायची एक पद्धत आम्ही विचारपूर्वक ठरवली आहे, तीच वापरा. सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) दाबली की सगळ्या खिडक्या समोर पसरतात. डेस्कटॉपवर आयकॉन नाहीत, खिडकी खाली पाठवायचं बटण मुळात नाही. (उबंटूमध्ये डॉक आणि ते बटण दिसतं, कारण उबंटू स्वतः ते जोडतं.) ज्याला ही पद्धत रुचते त्याचं लक्ष कामावरून हलत नाही. ज्याला रुचत नाही तो एक्स्टेंशन (वरून जोडायच्या छोट्या पुरवण्या) लावत बसतो, आणि खरी गैरसोय तिथून सुरू होते. ग्नोमची नवी आवृत्ती दर मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते आणि जुनी एक्स्टेंशन्स अधूनमधून त्यात बंद पडतात. ४५व्या आवृत्तीत तर जवळपास सगळी नव्याने जुळवावी लागली. चारपेक्षा जास्त एक्स्टेंशन लावायची वेळ आली तर ग्नोम तुमच्यासाठी नाही, दुसरा डेस्कटॉप बघा.

प्लाझ्मा उलट म्हणतं, हवं तसं बदला. पट्टी वर, खाली, उभी, दोन पट्ट्या, काहीही. फेब्रुवारी २०२४मध्ये प्लाझ्मा ६ आलं तेव्हा फाइल एका क्लिकने उघडायची जुनी सवय बदलून दोन क्लिकची केली. विंडोजवरून येणाऱ्यांचा मोठा गोंधळ त्याने टळला. केडीई कनेक्टने फोनवरचे फोटो केबलशिवाय कॉम्प्युटरवर येतात, आणि ते इतर डेस्कटॉपवरही टाकता येतं. धोका एकच: पहिल्या आठवड्यात लोक इतकं बदलतात की मूळ काय होतं ते आठवत नाही. पंधरा दिवस काहीही न बदलता वापरा.

७. मला रोज मराठीत टाइप करायचं आहे. कोणता डेस्कटॉप सोयीचा?

हा प्रश्न यादीत फार वरचा असायला हवा, पण लोक तो सगळं बसवून झाल्यावर विचारतात. आधी तुमची टाइप करायची पद्धत ठरवा, कारण डेस्कटॉपची सोय त्यावर अवलंबून आहे.

इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाणित कीबोर्ड मांडणी) येत असेल तर प्रश्नच नाही. ती मांडणी कीबोर्डच्या सेटिंगमध्येच असते, वेगळं काही टाकावं लागत नाही, आणि सिनॅमनपासून आय३पर्यंत सगळीकडे चालते. त्याच यादीत मराठीची 'कगप' ही उच्चारानुसारी मांडणीही मिळते.

गमभनसारखं रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल, किंवा टाइपरायटरच्या परीक्षेमुळे रेमिंग्टन हातात बसलं असेल, तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स५ ही इनपुट यंत्रणा आणि तिच्यासोबत एम१७एन हा मांडण्यांचा संच लागतो. इथे डेस्कटॉपमधला फरक जाणवतो. ग्नोममध्ये आयबस आतच आहे: सेटिंग्जमध्ये मराठी जोडा, सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदला, झालं. सिनॅमनमध्ये मिंटचं इनपुट मेथडचं साधन आहे. ते उघडून आयबस निवडायचं आणि एकदा लॉगआउट करायचं. हे लॉगआउट लोक विसरतात आणि "चालत नाही" म्हणून कळवतात. प्लाझ्मात वेलँड (प्रश्न ९ बघा) असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या शीर्षकाखाली एफसीआयटीएक्स५ निवडावं लागतं. नाव असं आहे की तिथे शोधायचं कुणाला सुचत नाही. एक्सएफसीईत आयबस लॉगिनसोबत सुरू होतोय ना, हे स्वतः बघावं लागतं.

बसवून झालं की हे शब्द लिहून बघा: दऱ्याखोऱ्या, ॲप, बँक, ऑफिस, ज्ञानेश्वर, कृष्ण, बाळ. "दऱ्या" हा शब्द खरी परीक्षा घेतो. इनस्क्रिप्टमध्ये तो ओ, शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई अशा कळांनी येतो. शिफ्ट-जे म्हणजे नुक्त्याचा ऱ, आणि तो वापरला तरच र आडवा होऊन य ला जोडला जातो. साधा र वापरला तर "दर्या" होतं, म्हणजे समुद्र, आणि अर्थच बदलतो. अक्षर जोडलं न जाता सुटं दिसलं तर दोष बहुधा फॉन्टचा. नोटो सान्स देवनागरी टाका, किंवा मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला 'मुक्त' हा फॉन्ट.

ल आणि श हिंदी वळणाचे दिसतायत अशी तक्रार येते. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितल्यावरच ती बाहेर येतात. लिबरऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा.

८. श्रीलिपीतल्या जुन्या फाइल्स डेस्कटॉप बदलल्यावर उघडतील का?

डेस्कटॉपचा याच्याशी संबंध नाही. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवलेले असतात. तो फॉन्ट लिनक्सवर बसवला तर मजकूर दिसेल, पण शोधता येणार नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करून ठेवा, आणि ते विंडोज काढायच्या आधी करा, कारण मूळ फॉन्ट आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर तिथेच आहे.

९. वेलँड की एक्स११? लॉगिनच्या वेळी विचारतंय.

पडद्यावर चित्र काढणाऱ्या यंत्रणांची ही दोन नावं आहेत. एक्स११ १९८७पासून आहे. वेलँडचं काम २००८मध्ये सुरू झालं. एक्स११मध्ये कोणताही प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्राममध्ये दाबलेल्या कळा वाचू शकतो. वेलँडमध्ये तसं होत नाही, आणि बँकेचा पासवर्ड टाकणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

ग्नोम आणि प्लाझ्मा वापरत असाल तर वेलँड घ्या. तिकडचा कल स्पष्ट आहे: सप्टेंबर २०२५च्या ग्नोम ४९मध्ये एक्स११चं सत्र मुळातच बंद ठेवलेलं आहे. सिनॅमन आणि एक्सएफसीईमध्ये मात्र अजून एक्स११च वापरा, त्यांचा वेलँड प्रायोगिक आहे. जुनं एनव्हिडिया कार्ड असेल, ज्याला नवे ड्रायव्हर मिळत नाहीत, तरी एक्स११ बरं. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर होत नसेल तर पाइपवायर आणि पोर्टल हे दोन घटक बसलेले आहेत का ते बघा. दुसऱ्याच्या मशिनवर लांबून काम करायची काही सॉफ्टवेअर्स वेलँडवर अडतात. आई-बाबांना लांबून मदत करायची असेल तर हा मुद्दा आधीच तपासा.

१०. आई-बाबांसाठी बसवतोय. दोघंही सत्तरीच्या पुढे, आईला कमी दिसतं.

सिनॅमन किंवा माते. त्यांना नवं काही दाखवायच्या भरात ग्नोम देऊ नका. वीस वर्षांची सवय ही त्यांची मिळकत आहे. अक्षरं मोठी करा, माउसचा बाण मोठा करा, डेस्कटॉपवर चारच आयकॉन ठेवा: ब्राउझर, फोटो, व्हिडिओ कॉल, कागदपत्रं. आयकॉनखालची नावं मराठीत बदला. संपूर्ण डेस्कटॉप मराठीत करायचा विचार असेल तर आधी दोन दिवस स्वतः वापरून बघा, भाषांतर अर्धवट असतं आणि अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी पाहून जास्त गोंधळ होतो.

एक्सएफसीईची एक सोय सांगतो: ऑल्ट धरून माउसचं चाक फिरवलं की सगळा पडदा मोठा होतो. औषधाच्या बिलावरचं बारीक वाचायला ही एक युक्ती पुरते. दृष्टी फारच कमी असेल तर ग्नोम किंवा मातेवर ऑर्का हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम चालू करा. त्याला आवाज देणाऱ्या ईस्पीक एनजीमध्ये मराठी आवाज आहे. तो यांत्रिक वाटतो, पण शब्द कळतात.

११. एकाच मशिनवर दोन डेस्कटॉप टाकले तर चालतं का? घरात प्रत्येकाला वेगळा हवाय.

चालतं. लॉगिनच्या चौकटीत एक छोटं चिन्ह असतं, बहुतेक ठिकाणी दातेरी चाकाचं, तिथून सत्र निवडायचं. प्रत्येकाचं वेगळं खातं करा. मुलगी प्लाझ्मा वापरेल, बाबा सिनॅमन, कुणाचं कुणाला अडत नाही.

एकाच खात्यात आलटून-पालटून दोन डेस्कटॉप वापरणं मात्र टाळा. दोघंही थीम, फॉन्ट, डीफॉल्ट प्रोग्राम यांच्या काही नोंदी एकाच जागी लिहितात, आणि एकाने केलेला बदल दुसऱ्यात विचित्र दिसतो. पासवर्ड जपून ठेवायची ग्नोमची आणि केडीईची व्यवस्था वेगळी असल्यामुळे वायफायचा पासवर्ड पुन्हा विचारला जातो. मेनूत दोन फाइल मॅनेजर, दोन एडिटर येतात. दुसरा डेस्कटॉप काढून टाकला तरी त्याच्यासोबत आलेलं सगळं निघत नाही.

नुसतं बघायचं असेल तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे मशिनवर न बसवता, चालवा. व्हेंटॉय टाकलेल्या एका १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्सची तीन-चार वितरणं (मिंट, फेडोरा अशी) मावतात. आवडलं आणि बसवायचं ठरलं तर आधी टाइमशिफ्टने सिस्टिमची प्रत घ्या. मिंटमध्ये ते आधीच असतं.

१२. टायलिंग विंडो मॅनेजरचे व्हिडिओ बघितले. आय३ घरी वापरावा का?

एकट्याचं मशिन असेल आणि दिवसभर कीबोर्डवर हात असतो, तर जरूर. टायलिंगमध्ये खिडक्या एकमेकींवर येत नाहीत. फरशी बसवावी तशा शेजारी-शेजारी बसतात, आणि सगळं कळांनी चालतं. आय३ मायकेल श्टापेलबर्गने २००९मध्ये सुरू केला आणि त्याचं माहितीपत्रक इतकं स्वच्छ लिहिलंय की मी ते पूर्ण वाचूनच शिकलो. स्वे हा त्याच धर्तीचा, वेलँडवरचा. डीडब्ल्यूएममध्ये बदल करायचा तर सी भाषेतला मूळ कोड बदलून पुन्हा कंपाइल करावा लागतो, म्हणून सुरुवातीला तो नको.

व्हिडिओत जे दिसत नाही ते सांगतो. आय३ बसवल्यावर वायफाय बदलायचं चिन्ह नसतं. उजेड कमी-जास्त करायच्या कळा चालत नाहीत. पेनड्राइव्ह लावला तर आपोआप उघडत नाही. सूचना दिसत नाहीत. पासवर्ड मागणारी चौकट येत नाही, त्यामुळे काही प्रोग्राम नुसतेच उघडत नाहीत. झाकण बंद केल्यावर पडदा कुलूपबंद होईलच असं नाही. यातल्या प्रत्येकासाठी एक छोटा प्रोग्राम आहे: नेटवर्कसाठी एनएम-ॲपलेट, सूचनांसाठी डन्स्ट, पेनड्राइव्हसाठी युडिस्की, कुलपासाठी आय३लॉक. एकेक जोडत गेलात की महिन्याभरात स्वतःच्या हाताने उभारलेलं घर तयार होतं, आणि आत काय कुठे आहे ते सगळं माहीत असतं. मला त्यातून जेवढं कळलं तेवढं दुसऱ्या कशातूनही कळलं नाही.

पण पहिल्याच आठवड्यात बॅटरीची सूचना जोडायची राहिली. लाइट गेले होते, मी रात्री लिहीत होतो, आणि काहीही न सांगता लॅपटॉप बंद झाला. दोन तासांचं लिखाण गेलं. बॅटरीची सूचना सगळ्यात आधी जोडा.

घरात मशिन दोघं-तिघं वापरत असतील तर मुख्य खात्यात आय३ ठेवू नका. दुसऱ्या माणसाला रिकामा काळा पडदा दिसतो आणि माउसने काहीच उघडत नाही. वेगळ्या खात्यात ठेवा, प्रश्न ११ प्रमाणे.

१३. स्वेमध्ये मराठी मांडणी चालू केली की माझे शॉर्टकट बंद पडतात. का?

शॉर्टकट अक्षराला बांधलेले असतात, कळेला नाही. सुपर आणि डी असं ठरवलेलं असतं, पण इनस्क्रिप्ट चालू असताना त्या कळेतून डी न येता हलन्त येतो, म्हणून स्वेला ते ओळखू येत नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये 'बाइंडसिम' (bindsym) या ओळीला 'टू-कोड' (--to-code) हा पर्याय जोडा, म्हणजे शॉर्टकट प्रत्यक्ष कळेला बांधला जातो. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक स्वे वापरणाऱ्याने हे पहिल्या दिवशी करून टाकावं.

१४. नव्या लॅपटॉपवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. बाहेरचा मॉनिटर लावला तर त्यावर भलतीच मोठी.

लहान पडद्यावर जास्त बिंदू असले की असं होतं. एकच पडदा असेल तर कोणत्याही डेस्कटॉपवर नुसता फॉन्ट मोठा केला तरी भागतं. मी आधी तेच करून बघतो. दोन पडद्यांना वेगवेगळं प्रमाण हवं असेल, म्हणजे एकाला १५० टक्के आणि दुसऱ्याला १००, तर प्लाझ्मा वेलँडवर घ्या. एक्स११ अशा वेळी जुळवाजुळव करतं आणि अक्षरं पुसट होतात किंवा मशिनवर ताण येतो. एक्सएफसीई इथे मला सुचवता येत नाही.

१५. पासवर्ड बरोबर टाकतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि परत लॉगिनची चौकट येते. डेस्कटॉप बिघडला का?

बहुतेक वेळा डेस्कटॉप ठीक असतो. सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे डिस्क पूर्ण भरलेली असणं. लॉगिन होताना छोट्या फाइल्स लिहाव्या लागतात, जागाच नसेल तर सत्र तिथेच मरतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराच्या पडद्यावर जा, लॉगिन करा, डाउनलोडमधल्या मोठ्या फाइल्स काढा.

जागा असेल तर दुसरं कारण: होम फोल्डरमधली एक्सऑथॉरिटी (.Xauthority) ही लपलेली फाइल रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या सर्वाधिकारी खात्याच्या, मालकीची झालेली असते. ती काढून टाका, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. तिसरं, नवीन खातं करून त्यात लॉगिन होतंय का बघा. होत असेल तर बिघाड तुमच्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे. कॉन्फिग (.config) या लपलेल्या फोल्डरचं नाव बदलून ठेवा, म्हणजे सगळं कोऱ्या अवस्थेत सुरू होईल आणि जुनं हातात राहील.

आणि पासवर्ड "चुकीचा" म्हणून येत असेल तर चौकटीतलं भाषेचं चिन्ह बघा. मराठी मांडणी चालू राहिली असेल तर इंग्रजी पासवर्ड देवनागरीत टाइप होतो, आणि ठिपक्यांमुळे ते दिसत नाही.

१६. खालची पट्टीच गायब झाली. मुलाने काहीतरी दाबलं.

सिनॅमनमध्ये आधी कंट्रोल, ऑल्ट, एस्केप दाबा. डेस्कटॉप पुन्हा सुरू होतो आणि उघड्या खिडक्या तशाच राहतात. पट्टी खरोखर काढली गेली असेल तर सेटिंग्जमध्ये पॅनेल या भागात जाऊन नवी जोडा. प्लाझ्मात रिकाम्या जागी उजवं क्लिक करून पॅनेल जोडता येतं. एक्सएफसीईत पॅनेल प्रोफाइल्स या साधनाने पट्टीची मांडणी जपून ठेवता येते. सगळं मनासारखं लागलं की त्याच दिवशी ती जपून ठेवा.

१७. कोणत्या डेस्कटॉपवर बॅटरी जास्त टिकते?

फरक जाणवण्याइतका नसतो. पडद्याचा उजेड आणि ब्राउझर यांनीच बॅटरी जाते.

१८. प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, टॅली यांच्यासाठी कोणता डेस्कटॉप?

प्रिंटर सगळीकडे कप्स याच यंत्रणेतून चालतो, त्यामुळे एका डेस्कटॉपवर चालला नाही तर दुसऱ्यावरही चालणार नाही. डिजिटल सहीच्या टोकनचं तसंच: ते बनवणाऱ्याने लिनक्सचा ड्रायव्हर दिलाय का, एवढंच बघायचं. टॅली विंडोजसाठी आहे. घरचा व्यवसाय टॅलीवर असेल तर त्या मशिनवरचं विंडोज काढू नका, दुसऱ्या मशिनवर लिनक्स शिका.

१९. मी निवडलेला डेस्कटॉप उद्या बंद पडला तर?

असं झालेलं आहे. उबंटूने २०१०पासून स्वतःचा युनिटी हा डेस्कटॉप वाढवला आणि एप्रिल २०१७मध्ये तो सोडायचं जाहीर केलं. त्याच वर्षीच्या १७.१० आवृत्तीत ग्नोम आलं. एप्रिल २०११मध्ये ग्नोम ३ने सगळी मांडणी बदलली तेव्हा अनेकांना जुनं हवं होतं. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने ग्नोम २चा कोड घेऊन माते सुरू केलं, नाव दिलं तिकडच्या पेयाचं. सिनॅमनही मिंटने त्याच नाराजीतून उभं केलं. कोड खुला असल्यामुळे ज्यांना एखादी गोष्ट खरंच हवी असते ते ती उचलून पुढे नेतात.

तुमच्या बाजूने तयारी एवढीच: एका कागदावर मशिनची टाइप करायची पद्धत, फॉन्टचं नाव, अक्षरांचा आकार आणि रोजचे चार प्रोग्राम लिहून कॉम्प्युटरजवळ ठेवा. आत्याच्या टेबलाच्या खणात असा कागद आहे. तिच्याकडे उद्या दुसरा कोणताही डेस्कटॉप बसवायचा झाला तरी त्या कागदावरून तासाभरात तिचा कॉम्प्युटर पुन्हा तिचा होईल.